मनपाट्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनपाट्या हा खेळ खरंच कुठे खेळला जातो का?

नाही, हा कल्पनेतला खेळ आहे. काळ २०६० च्या पुढेमागे, मुलूख मराठवाडा आणि मैदान आपल्या सूरपाट्यांचं. फरक एवढाच की गडी पळत नाहीत. खुर्चीत बसून डोक्यावरच्या टोपीतून गोळे पळवतात. खेळ मी रचला आहे, त्यामागचं शास्त्र मात्र रचलेलं नाही. खाली मेंदू, लहरी, वर्षं, कायदे यांच्याबद्दल जे आहे ते खरं धरा. गोळा, खुंट, लोण, पंच हे सगळं माझ्या पदरचं.

मग आजवर प्रत्यक्षात कुठवर मजल गेली आहे?

वाटतं त्यापेक्षा बरीच पुढे. हान्स बर्गर नावाच्या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी पहिल्यांदा नोंदवल्या आणि १९२९ मध्ये त्या छापून जगापुढे ठेवल्या. हा बर्गर तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडून मरता मरता वाचला होता. त्याच दिवशी दूर घरी त्याच्या बहिणीच्या मनात पाल चुकचुकली आणि तिने वडिलांना तार करायला लावली. मनाचं मनाला कळतं कसं, याचा छडा लावायला बर्गर निघाला. तो छडा काही लागला नाही, ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, मात्र हाती लागला.

या लहरींवर संगणक चालवता येईल, ही मांडणी जॅक विडाल यांनी कॅलिफोर्नियात १९७३ मध्ये केली. पुढे २००० च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रेनबॉल आला. टेबलाच्या दोन टोकांना दोघे बसायचे आणि जो जास्त निवांत, त्याच्यापासून चेंडू दूर, प्रतिस्पर्ध्याकडे सरकायचा. २००९ मध्ये तर लहरींच्या जोरावर पंख्याच्या वाऱ्यावर चेंडू तरंगवायचं खेळणंच दुकानात आलं. १२ जून २०१४ ला फुटबॉल विश्वचषकाच्या उद्घाटनात, साओ पावलोच्या मैदानावर, कमरेखाली लुळ्या पडलेल्या ज्युलियानो पिंटोने मेंदूच्या लहरींवर चालणारा यांत्रिक सांगाडा घालून चेंडूला पाय लावला. एप्रिल २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात सोळा स्पर्धकांनी मनाने ड्रोन उडवून शर्यत लावली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झुरिकजवळ सायबॅथलॉन या अपंग खेळाडूंच्या यंत्रसाहाय्यित स्पर्धेत मानेखाली हालचाल नसलेल्या खेळाडूंनी पडद्यावरची पात्रं मनाने पळवली.

म्हणजे शर्यती झाल्या. पण ज्याचा त्याचा पट्टा ठरलेला. कुणी कुणाच्या आडवं येत नाही. आपल्याकडे आडवं आल्याशिवाय खेळ होतो का? म्हणून मी सूरपाट्या धरल्या.

मैदान, गडी, नियम: थोडक्यात सांगा.

जुन्या सूरपाट्यांत, म्हणजेच आट्यापाट्यांत, नऊ पाट्या आणि नऊ गडी. मनपाट्यांत पाच आडव्या पाट्या, आणि मधोमध त्यांना उभी छेदणारी सूरपाटी. अडवणाऱ्या संघाचे सहा गडी, प्रत्येकाचा एक खुंट. खुंट म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीचं, चाकांवरचं उभं यंत्र. पाटीवरचा खुंट आपल्याच पाटीवर डावीउजवीकडे सरकतो, सुराचा खुंट मधल्या रेषेवर पुढे-मागे. पळवणाऱ्या संघाचे तीन गोळे एकाच वेळी मैदानात असतात. आत मोटर असलेले हे गोळे स्वतःच घरंगळतात. गोळ्याने पाचही पाट्या ओलांडून परत यायचं. आला की लोण, दहा गुण. वाटेत खुंट लागला की गोळा बाद, पण तोवर जितक्या पाट्या झाल्या तितके गुण पदरात. डाव सहा मिनिटांचा. दोन्ही संघांना दोन-दोन डाव.

पळवणारे तीन, अडवणारे सहा, हे प्रमाण विषम आहे खरं. पण गोळ्याला चारी दिशा मोकळ्या आणि खुंट बांधलेला, त्यामुळे हिशेब बरोबर बसतो.

गोळा मनानं चालतो म्हणजे नेमकं काय होतं?

हात हलवायचा नसतो, हलवल्याची भावना आणायची असते. सगळी मेख यातच आहे.

आपण स्वस्थ बसलेलो असताना मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागावर सेकंदाला साधारण आठ ते तेरा वेळा झुलणारी एक लहर असते. तिला म्यू लहर म्हणतात. हात हलवला की ती ओसरते. आणि हात न हलवता नुसती हलवल्याची कल्पना केली, तरीही ओसरते. डाव्या हाताची कल्पना केली तर ती ओसरते उजव्या बाजूला, कान आणि टाळू यांच्या साधारण मधोमध. उजव्या हाताची केली तर डाव्या बाजूला. पायांचा भाग टाळूखाली, मेंदूच्या दोन अर्धांमधल्या खाचेत दडलेला असतो, त्यामुळे तो पकडायला जरा अवघड. टोपीतल्या बटणाएवढ्या पट्ट्या हे चढउतार टिपतात. डावा हात म्हणजे डावीकडे, उजवा म्हणजे उजवीकडे, दोन्ही पाय म्हणजे पुढे, दोन्ही हात म्हणजे मागे. काहीच नाही, म्हणजे थांब.

टोपीपर्यंत पोचणारा हा विजेचा ठसा मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत. घड्याळातला साधा सेल दीड व्होल्टचा असतो, यावरून अंदाज करा. एवढं बारीक काही कवटी, कातडी आणि केसांच्या जंगलातून ऐकायचं, तर चुका होणारच.

नवख्याला मी सांगेन की हात डोळ्यांसमोर आणू नका, हातात आणा. सिनेमासारखा आपला हात पाहण्यापेक्षा आतून त्याचा ताण, वजन, घट्टपणा अनुभवलेला यंत्राला चांगला कळतो. म्हणून गडी आपापल्या अंगवळणी पडलेलं काम निवडतात. उजव्यासाठी कोयत्याचा वार, डाव्यासाठी विहिरीतून शेंदताना मागे ओढलेला दोर, दोन्ही हातांसाठी म्हशीची धार. पायांसाठी बहुतेक जण सायकल घेतात. मला विचाराल तर चिखल तुडवणं जास्त चांगलं, कारण त्याला वजन आहे.

म्हणजे यंत्र माझ्या मनातलं वाचतं?

नाही. तुम्ही घरच्या कर्जाचा विचार करताय की शेजारच्या पोरीचा, हे त्याला कळत नाही. कुठली लहर कुठे वाढली नि कुठे ओसरली, एवढंच त्याला दिसतं.

जोरात विचार केला तर गोळा जोरात पळतो?

उलट, बहुतेक वेळा अडतो. जोर लावला की कपाळाला आठ्या पडतात, जबडा आवळतो, मान ताठते. या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी मोठी. नुसती डोळ्याची उघडझाप झाली तरी मेंदूची लहर तिच्याखाली झाकून जाते. नव्या गड्याचा गोळा पहिल्या पाटीवरच थरथरत उभा राहतो, तो बहुधा याच कारणाने.

यंत्राने माझा हुकूम चुकीचा वाचला तर दाद कुणाकडे मागायची?

कुणाकडेही नाही. नियमावलीतला सगळ्यात शिव्या खाणारा नियम हाच, आणि माझ्या मते खेळाचा प्राणही हाच.

जुन्या सूरपाट्यांत भांडण व्हायचं ते ‘शिवलं की नाही शिवलं’ यावरून. गडी म्हणायचा नाही लागलं, अडवणारा म्हणायचा बोटं लागली, आणि अर्धा डाव त्या वादात जायचा. तरी तिथे निदान पाहणारे चार जण असायचे. इथे गोळा डावीकडे गेला आणि गडी म्हणाला, ‘मी उजवी सांगितली होती’, तर साक्षीदार कोण? त्याच्या मनात काय होतं हे त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही. यंत्राची नोंद तपासावी, तर नोंद यंत्राचीच. ती डावीच म्हणणार. म्हणून अपील नाही. ‘यंत्र चुकलं’ असं म्हणणाऱ्याला पंचांचं ठरलेलं उत्तर आहे, ‘यंत्र तुझ्याच संघातलं आहे.’

हे उत्तर टोलवाटोलवीचं नाही. प्रत्येक गड्याचं वाचन-सूत्र, म्हणजे यंत्र ज्यावरून त्याच्या लहरी ओळखतं ते, वेगळं असतं, ते त्याच्याच सरावातून घडलेलं असतं. गडी यंत्राला शिकवतो, यंत्र गड्याला शिकवतं. दोघं एकमेकांना सरावतात तेव्हा कुठे गोळा सरळ जातो. डाव्या-उजव्यासारखे दोनच पर्याय असतील, तर दहापैकी सात हुकूम बरोबर वाचले जाणं ही संशोधक कामचलाऊ नियंत्रणाची किमान पातळी मानतात. म्हणजे उरलेले तीन चुकीचे गेले तरी माणसाने निभावून न्यायचं. इथे तर पर्याय पाच.

लोक मला सांगतात की २०६० म्हणताय ना, मग तेव्हाचं यंत्र चुकेलच कशाला? दहापैकी दहा वाचणारं दाखवा! पण मग काय उरेल? ज्याच्या मनात आधी आलं तो जिंकला, संपलं. चूक पोटात घेऊन खेळायचं, म्हणजे पाटीच्या दारात गोळा अडकवून वाट पाहायची, एक हुकूम वाया जाईल हे धरूनच चाल रचायची, आणि चुकून उजवीकडे गेलेल्या गोळ्याला तिथूनच वाट काढून द्यायची. खरा हुशार गडी तो, जो चुकीच्या हुकमालाही ‘हेच करायचं होतं’ असा चेहरा ठेवून अडवणाऱ्याला हुलकावणी देतो. त्यामुळे नियम लिहिताना यंत्र मी मुद्दाम तेवढंच शहाणं ठेवलं आहे.

ध्यानधारणा करणाऱ्यांना फायदा होतो का?

होतो, थोडा. अमेरिकेतल्या काही अभ्यासांत योग-ध्यानाची सवय असलेले लोक असं नियंत्रण लवकर शिकले. पण अडवाअडवीत नुसती शांतता पुरत नाही. खुंट अंगावर येतोय हे दिसत असताना निवांत राहायचं आणि त्याच क्षणी डावा हात ‘ओढायचा’ हे जपमाळेवर शिकता येत नाही. किर्तनात मृदंग वाजवणारी पोरं यात पटाईत निघतील असा माझा होरा आहे. दोन हातांचं वेगळं काम, ताल आणि समोरच्या बुवांवर नजर, तिन्ही त्यांना एकदम जमतं.

प्रत्येकालाच हे जमतं का?

नाही. शंभरातल्या साधारण पंधरा ते तीस जणांच्या लहरी अशा यंत्राला नीट कळतच नाहीत, असं संशोधनात वारंवार आढळलं आहे. त्यात बुद्धीचा, इच्छाशक्तीचा संबंध नाही. कुणाच्या मेंदूच्या वळ्या अशा पडलेल्या असतात की लहर टोपीकडे तोंड करून येत नाही. काही जणांचं सरावाने सुधारतं, काहींचं नाही. ज्यांचं अजिबात जुळत नाही त्यांनी पंच व्हावं. पंचाला टोपी नसते.

डोक्याला तेल, वेणी, फेटा, पगडी? यांचं काय?

तेल चालणार नाही. तेलकट केसांवर पट्टीचा कातडीशी संबंध जुळत नाही. सामन्याच्या दिवशी शिकेकाईने किंवा शांपूने डोकं धुवायचं आणि कोरडं करायचं. दाट केस असले तर भांग पाडून पट्टी थेट कातडीला टेकवायची. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजाच्या पट्ट्या अशा केसांना बऱ्या पडतात. वेणी मानेवर सैल सोडा. टाळूवर अंबाडा नको, तिथेच पायांची पट्टी बसते. गजऱ्याला हरकत नाही, जागा सोडून माळा.

नांदेडच्या शीख खेळाडूंसाठी नियम स्पष्ट आहे. पगडी उतरवायला कुणी सांगणार नाही. पट्ट्या आधी केसांत लावून घ्यायच्या, वर पटका किंवा पगडी बांधायची. घट्ट बांधलेल्या कापडाने पट्ट्या हलत नाहीत, हा उलट फायदाच. त्यावर काही संघांनी कुरकुर केली, तर त्यांनी फेटे बांधावेत.

कामून ओ, तोंडात तंबाखू असली की गडी बाद कामून करता?

कारण जबडा. चघळताना कानशिलाजवळचा स्नायू एकसारखा आवळतो-सुटतो, आणि त्याची वीज टोपीत मेंदूच्या आवाजाच्या वरताण घुसते. बिचाऱ्या यंत्राला वाटतं, काहीतरी प्रचंड चाललंय! सुपारी, च्युइंगगम, दात खाणं, सगळ्याला हाच नियम. शिवाय जबडा आवळून मुद्दाम गोळा हाकता येतो, ती तर सरळ लबाडीच. म्हणून जबड्यावर आणि दोन्ही दंडांवर वेगळ्या पट्ट्या असतात. स्नायू हलला की पंचांच्या हातातला दिवा पेटतो. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा गोळा बाद.

तंबाखू मळायला हरकत नाही. तोंडात डावानंतर टाका.

आमच्याकडे लाइट जाते. मग सामना बंद?

मुळीच नाही. टोपी, गोळे, खुंट सगळं बॅटरीवर चालतं. मैदानावरचे दिवेही सौर बॅटरीचे. खरं सांगायचं तर लाइट गेली की खेळ सुधारतो. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची. तारा, मोटारी, ट्रान्सफॉर्मर यांची ती घरघर टोपीत शिरते आणि गाळून काढावी लागते. शिवाराच्या कडेला मैदान असेल आणि रात्रीच्या पाळीत तिकडे कृषिपंपांना थ्री-फेज आली, तर जुळणीचा, म्हणजे बरोबर वाचलेल्या हुकमांचा, आकडा घसरलेला फलकावर दिसतो. पंचांनी शेजाऱ्याला पंप बंद करायला सांगू नये. पिकाला पाणी आधी.

हंगाम कोणता?

यावरून सगळ्यात जास्त खल झाला. थंडीतली रात्र उत्तम, घाम नाही, हवा कोरडी. घाम हा या खेळाचा वैरी आहे; तो आला की पट्टीवरचा संकेत हळूहळू वाहवत जातो. म्हणजे शास्त्राप्रमाणे दिवाळी ते होळी.

पण बीड, धाराशिव, जालन्याच्या कितीतरी गावांत त्या दिवसांत खेळायला माणूस असतो कुठे? मुकादमाची उचल घेऊन कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, दसरा-दिवाळीला साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात, ते परततात चैत्राच्या आगेमागे. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. ज्यांच्या उजव्या हाताच्या नसानसात कोयत्याचा वार आहे तेच गावात नाहीत, आणि आपण म्हणायचं हंगाम सुरू झाला? २०६० मध्ये ऊस यंत्रंच तोडतील असं काही जण म्हणतात. तोडोत बापडी. मी मात्र आज दिसतंय त्यावरून नियम लिहिला. हंगाम गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत, सामने रात्री आठनंतर, चैत्रातल्या जत्रांना धरून. दिवसा पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा टोपी बाहेर काढायचीच नाही. घामासाठी दर डावामागे पाच मिनिटं पुसापुशी आणि नव्याने जुळवणी.

थंडीत खेळण्याचा आग्रह शहरी संघांचा होता. त्यांनी त्यांचे सराव-सामने थंडीत खुशाल खेळावेत, सोबत हुरडाही खावा.

मैदान मुरमाचंच कामून पाहिजे? काळ्या रानात का नको?

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. चैत्र-वैशाखात त्या भेगांत पाऊल जाईल, गोळा तर गडपच होईल. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून केलेलं मैदान पाहिजे. पाण्याची टंचाई जाहीर झालेल्या तालुक्यात मात्र मैदानावर टँकर ओतायचा नाही; तिथे नुसता दाबलेला मुरूम चालतो, गोळा थोडा उडतो एवढंच. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ते ज्यांनी पाहिलं त्यांना या नियमाचं कारण सांगावं लागत नाही.

हलगी वाजवायची परवानगी आहे का?

आहे, पण हत्यार म्हणून. नुसता ठेका ऐकला तरी मेंदूतला हालचालीचा भाग जागा होतो, माणूस जागचा हलला नाही तरी. म्हणजे हलगी कडकडली की समोरच्याच्या म्यू लहरीत ढवळाढवळ होणार. यावर बंदीच घाला, असं तंत्रवाल्यांचं म्हणणं पडलं. बिनहलगीचा खेळ जत्रेत कोण बघेल?

म्हणून मधला मार्ग काढला. प्रत्येक डावात अडवणाऱ्या संघाला एक मिनिट हलगी. केव्हा ते कप्तानाने ठरवायचं, हात वर करायचा, आणि वाजवणाऱ्याने काठीचा जीव काढायचा. ठेका दर वेळी बदलता येतो. त्या मिनिटात स्वतःच्या खुंटवाल्यांचंही चित्त हलतं, हे विसरू नका. कसलेला संघ आपल्याच हलगीवर वर्षभर सराव करून येतो.

हे भानामतीसारखं वाटतं. गावात भलतंसलतं पसरलं तर?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. मराठवाड्यात भानामतीच्या नावावर बायाबापड्यांनी फार सोसलं आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही कथा आपण श्रद्धेने ऐकतो. पण मैदानावर चाललेलं चमत्कार नाही, आणि तसं कुणी भासवून पैसा काढू लागला तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. सामन्याआधी अर्धा तास टोपी लोकांसाठी खुली असते. कुणीही यावं, डोक्यावर घालावी, डोळे मिटावेत आणि पडद्यावर आपलीच लहर पाहावी. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूची अल्फा लहर ठळक होते, उघडले की विरते. बर्गरनेही हेच पाहिलं होतं. बहुतेकांची लहर अशी लगेच ओळखू येते. सगळ्यात आधी गावातल्या आज्यांना बोलवावं.

अपंग खेळाडूंसाठी वेगळा गट आहे का?

नाही. सगळे खुर्चीतच बसतात. या खेळात वेगळा गट करायचाच झाला तर धडधाकटांचा करावा लागेल. सायबॅथलॉनमध्ये दिसलं ते हेच, की नियमित सराव असलेला खेळाडू हात-पाय हलत नसतानाही पुढे जातो. मोटरसायकलच्या अपघातात पाठीचा मणका गेलेला पोरगा आपल्याकडे घरात कॉटवर पडून राहतो. मनपाट्यांत तो सूर सांभाळू शकतो. इतक्या वर्षांत न हललेल्या हाताची भावना कितपत टिकते, हा प्रश्न ज्याचा त्याचा, काहींची टिकते.

डोक्यात चिप बसवलेला गडी चालेल?

मेंदूत बसवलेल्या यंत्राने संगणकाचा कर्सर हलवण्याचे प्रयोग अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस रुग्णांवर सुरू झाले, आणि २०२४ मध्ये अशी चिप बसवलेल्या एका तरुणाने पडद्यावर बुद्धिबळ खेळून दाखवलं. आतून घेतलेला संकेत टोपीपेक्षा कितीतरी स्वच्छ असतो. उपचारासाठी शस्त्रक्रिया झालेला एक गडी प्रत्येक संघाला घेता येतो, पण त्याने खुंट चालवायचा, गोळा नाही. खेळासाठी म्हणून कवटी उघडलेल्याला आजन्म बंदी. त्याच्यापेक्षा त्याला तसं करायला लावणाऱ्याला आधी.

सामन्याआधी डोक्याला हलका विद्युतप्रवाह देऊन घेतला तर?

बंदी आहे. एक-दोन मिलिअँपिअरचा प्रवाह देऊन शिकण्याचा वेग वाढतो का, यावर बरंच संशोधन झालं आणि निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. घरी नऊ व्होल्टची बॅटरी जोडून असले उद्योग करू नका, कातडी भाजते. चहा चालतो.

माझ्या मेंदूची नोंद कुणाच्या मालकीची?

तुमच्या, दुसऱ्या कुणाच्याही नाही. गडी संघ सोडून गेला तर त्याचं वाचन-सूत्र त्याच्याबरोबर जातं. संघाने प्रत ठेवली तर संघ बाद.

हा नियम कडक ठेवायला कारण आहे. चिली देशाने २०२१ मध्ये मेंदूतली हालचाल आणि तिची माहिती यांना थेट राज्यघटनेत संरक्षण दिलं, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डोक्यावर घालायचं यंत्र विकणाऱ्या एका कंपनीला एका माजी सिनेटरच्या मेंदूची नोंद पुसून टाकायला सांगितली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सेल्वी खटल्यात ठरवलं की संमतीशिवाय कुणाची नार्को, खोटं पकडण्याची किंवा मेंदूच्या लहरींची चाचणी घेता येणार नाही. ते गुन्ह्यांच्या तपासाबद्दल होतं. पण ज्याला पोलिसही हात लावू शकत नाहीत, ते गावच्या संघाच्या कप्तानाने पेनड्राइव्हवर घेऊन फिरायचं? सावकाराकडे सात-बारा गहाण पडलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना धोका कळेल. नोंद गहाणही ठेवता येत नाही, असं कलम त्यासाठीच घातलं.

लातूरला याचे क्लास निघतील का?

निघतील. दोन वर्षांची बॅच, रविवारी टेस्ट, भिंतीवर टॉपरचे फोटो आणि खाली जुळणीचे टक्के. अडवता येणार नाही. नियमात एवढंच घातलं आहे की चौदा वर्षांखालच्या मुलांना टोपी घालून आठवड्यात दोन तासांपेक्षा जास्त सराव नाही, आणि फीट येणाऱ्या मुलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लुकलुकत्या पडद्यासमोर बसू नये. उरलेला वेळ त्यांनी खऱ्या सूरपाट्या खेळाव्यात. ज्याने पाटीवर कधी कुणाला हुलकावणी दिली नाही, त्याला गोळ्याने ती देता येईल असं मला वाटत नाही.

आत्ता, घरच्या घरी काही करून पाहता येईल का?

येईल, टोपीशिवायही. पाठ टेकून बसा, हात मांडीवर सैल ठेवा, जबडा ढिला सोडा. जीभ वरच्या दातांमागे हलकी ठेवली की जबडा आपोआप सुटतो. आता उजव्या हाताने एकदा खरोखर ओला टॉवेल पिळा आणि त्याचा ताण लक्षात ठेवा. मग हात पुन्हा मांडीवर. तोच ताण हात न हलवता पाच सेकंद आणा, पाच सेकंद सोडा. घरातल्या कुणालातरी तुमच्या मनगटावर बोटं ठेवायला सांगा. शीर हलली की त्याने टिचकी मारायची. पहिल्या दिवशी टिचक्याच खाल. हलत नाही असं जमलं की डावीकडे या. मग समोरच्याने अचानक ‘डावा’, ‘उजवा’, ‘थांब’ असं ओरडायचं आणि तुम्ही बदलायचं. सगळ्यात उशिरा जमतं ते ‘थांब’. हात सोडला तरी मन दोर धरूनच बसतं.

ईईजीचे छोटे संच बाजारात मिळतात, पण घेण्याआधी पट्ट्या कुठे बसतात ते बघा. नुसत्या कपाळावर बसणाऱ्या संचाला डाव्या-उजव्या हाताची लहर नीट सापडत नाही. टाळूच्या दोन्ही बाजूंना पट्टी हवी.